माझ्यातली न्याहारी कोणाची?

मी काचेची बरणी बोलतेय. खरं तर बोलत नाही, भांडतेय. सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात, तुलाराम आणि गोदावरीबाई यांच्या घरी, फ्रिजमध्ये दुधाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, टेकून मी उभी असते. तोंड चांगलं रुंद आहे माझं, पण या घरात माझं ऐकणारं कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म भट्टीतला, तेव्हा स्वभाव तापट असायचाच. गोदावरीबाईंनी मला तुमसरच्या दुकानातून लोणच्यासकट आणलं. लोणचं संपल्यावर मला भंगारात दिलं नाही, एवढे उपकार मी मानते. पुढे माझ्यात कधी जवस भरलं, कधी शेंगदाणे, आणि शेवटी तुटकी बटणं नि गंजलेल्या किल्ल्या. वरच्या फळीवर मी धूळ खात पडले होते. झाकणाला तेवढा हिंगाचा वास शिल्लक होता.

तिथून मला खाली काढलं ते टीनानं. टीना ही घरची लेक, नागपूरला नर्सिंग शिकते. उन्हाळ्याच्या सुटीत आली होती. घरची सून रुपा गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. टीनानं पाहिलं, की वहिनी उठते ती झाडझूड, चहा, सासऱ्यांची न्याहारी, नवऱ्याचा डबा यांतच फिरते आणि अंगणवाडीची वेळ झाली की तशीच निघते. मध्येच ओट्याला धरून उभी राहते. डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते, पण कोणी विचारलं तर म्हणते, काही नाही.

या घरात रीत अशी, की सगळ्यांचं झाल्याशिवाय सुनेनं तोंडात घास घालायचा नाही. कोणी सांगितलेली नाही, कोणी मोडलेलीही नाही. आणि सगळ्यांचं होईपर्यंत अंगणवाडी भरलेली असते.

"वयनी, गावभरच्या पोराइले जेवू घालते न स्वतः उपाशी राहते. कायले?" टीना म्हणाली.

"सकाळी टाइमच नाही भेटत व."

"मंग सांजेलेच करून ठेवत जा. सकाळी फ्रिजमधून काढाचं न खाचं. बस."

टीनानं नागपूरहून चियाच्या बियांचं पाकीट आणलं होतं. मोहरीहून बारीक, करड्या रंगाचं बी. मला मीठ-लिंबानं घासून उन्हात ठेवलं आणि झाकणाचा वास घालवला. मग माझ्यात दूध, दोन चमचे बी आणि थोडा मध. झाकण लावून गदागदा हलवलं, जरा थांबून पुन्हा हलवलं, नाहीतर बी गोळा होऊन तळाशी बसतं. सकाळी पाहते तर बी फुगलेलं आणि दूध खिरीसारखं दाट. वरून आंब्याच्या फोडी आणि केळ्याचे काप. रुपानं उभ्या उभ्याच खाल्लं, पण पोटभर खाल्लं. लोणच्याच्या दिवसांतही मला एवढा मान मिळाला नव्हता. मी कृतार्थ झाले.

टीना नागपूरला परतली आणि माझ्या छळाला सुरुवात झाली.

पहिला नंबर लावला तो कैलाशनं, म्हणजे रुपाच्या नवऱ्यानं. रुपानं संध्याकाळचा स्वयंपाक आटोपून मला भरून ठेवलं होतं. सकाळी ती अंगण झाडत असताना या गृहस्थानं फ्रिज उघडला, चमचा घेतला आणि मला तळापर्यंत खरवडलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. वर बायकोला म्हणतो, "रुपा, ते आइस्क्रीम मस्त होतं. अजून करजो."

तुम्हाला वाटेल रुपा चिडली असेल. छे. ती हसली. काचेची असून मला तडा जायची वेळ आली, आणि ही हसली.

नंतर गोदावरीबाई. ट्रॅक्टरवाले भय्याजी सकाळीच चिखलणीचं विचारायला आले. पाहुणा नुसत्या चहावर जाऊ नये, ही बाईंची शिस्त. तिला माझी हरकत नाही. पण घरात चिवडा होता, लाडू होते. बाईंनी नेमकं मलाच वाटीत रिकामं केलं. "घ्या भय्याजी, सुनेनं केलं आहे," असं वर कौतुकही. सुनेनं केलं हे ठाऊक, सुनेनं कोणासाठी केलं हे विचारायला काय जात होतं?

पण खरा कहर केला तुलारामांनी. ते तेव्हा बांधीवरच, म्हणजे धानाच्या शेतातच, असायचे. माझ्यात काय असतं, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

दिवस धानाचे पऱ्हे टाकायचे होते. रोपांसाठी बी भिजवून, पोत्यात दडपून, उबेत ठेवायचं आणि कोंब फुटला की पेरायचं. छपरीत भिजल्या धानाचं पोतं होतं आणि तुलाराम तान्ह्या लेकराला जपावं तसे त्याला जपत होते. आंबे संपत आले होते, म्हणून रुपानं त्या संध्याकाळी जांभळं कुस्करून दुधात घातली. मी आतून जांभळी झाले. आरशात पाहिलं असतं तर लाजले असते.

पहाटे तुलाराम पाणी प्यायला आले आणि फ्रिज उघडून माझ्याकडे बघत राहिले. भिजलेलं, फुगलेलं बी. त्यातून रंग जांभळा. बाजारातलं औषध लावलेलं बियाणं असंच रंगवलेलं येतं. बाकीचं त्यांच्या डोक्यानं जुळवून टाकलं.

"औषधाचं बियाणं दुधाच्या गंजाजवळ," ते पुटपुटले. "न थंड्यात ठेवलं. कोंब कसा येईन त्याले? टीनानं आणलं असन एखादं नवीन वाण, न पोरीले ठेवता नाही आलं."

आणि त्यांनी मोठ्या मायेनं मला उचललं, खांद्यावरचा दुपट्टा पसरला आणि रुपाची न्याहारी त्यात ओतली. गाळून गळेना. चिकट गोळा दुपट्ट्याला धरून बसला. तरी त्यांनी त्याची पुरचुंडी बांधली, धानाच्या पोत्याखाली उबेत दडपली आणि मला विसळून पालथी घातली. चांगलं काम केल्याच्या समाधानात माणूस बांधीवर निघून गेला. मला हातपाय नाहीत, म्हणून वाचले ते.

रुपा आली. पालथी बरणी बघितली. कैलाशनंच खाल्लं असेल असं ती समजली. पदर खोचला, डबा भरला आणि गेली.

दुपारच्या आधीच अंगणवाडीची मदतनीस शकुनबाई तिला हाताला धरून घरी घेऊन आली. रुपाचा चेहरा पांढराफटक होता. शकुनबाईनं तिला खाटेवर निजवलं. निरोप पोचताच तुलाराम आणि कैलाशही धावत घरी आले. शकुनबाई गोदावरीबाईंना म्हणाली, "खिचडी वाढता वाढता मटकन खाली बसली. सकाळी काई खाल्लं होतं का हिनं?"

गोदावरीबाईंनी कैलाशकडे पाहिलं. कैलाशनं बापाकडे पाहिलं. साधा प्रश्न. त्याचं उत्तर मला येत होतं. ओट्यावर पालथी पडून मी आतल्या आत ओरडत होते.

"कालची बरणी भरून ठेवली होती ना तिनं," कैलाश हळूच म्हणाला. "म्या आज नाही खाल्ली."

तेव्हा तुलाराम उठले. छपरीत जाऊन पुरचुंडी घेऊन आले. उबेनं ती आंबली होती आणि जांभळं पाणी त्यांच्या बोटांवरून गळत होतं. "हे... खाचं होतं का व, रुपा?" त्यांनी विचारलं.

"हो, मामाजी."

तुलाराम खाली मान घालून पुरचुंडी धरून उभे राहिले. टाकूही शकले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि अजूनही आहे. पण सुनेच्या खाण्याची चौकशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली, हेही खरं.

संध्याकाळी गोदावरीबाई ओट्यापाशी आल्या. "सांग, कसं करतात. तू खाटेवरूनच सांग," म्हणाल्या. मला भरलं, हलवलं, थांबून पुन्हा हलवलं. फ्रिजपाशी जाऊन नवऱ्याला आणि मुलाला बजावलं, "याले कोणी हात लावाचा नाही."

सकाळी मला कोणीही हात लावला नव्हता. मी गच्च भरलेली. आता तरी गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं. आणि रुपानं काय केलं ठाऊक आहे? मला बाहेर काढलं, केळं चिरून टाकलं, आणि मांडणीवरून चार वाट्या घेतल्या. सगळ्यांना वाटायला. स्वतःला शेवटी, काय उरेल ते. कैलाशचा आला नव्हता एवढा राग मला तिचा आला.

गोदावरीबाईंनी तिच्या हातातल्या वाट्या काढून घेतल्या आणि पुन्हा मांडणीवर ठेवल्या. "खाली बस. पयले तू खा."

"न तुमी, आई?"

"मले सकाळी नाही लागत काई. सवय नाही."

"कवापासून?"

बाईंनी मांडणीवरच्या वाट्या सरळ लावल्या. मग म्हणाल्या, "या घरात आली तवापासून."

रुपानं आणखी एक चमचा घेतला आणि मला दोघींच्या मध्ये ठेवलं. बाईंनी पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं. "बुळबुळीत हाय." मग दुसरा घेतला. मग तिसरा.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्यात दोन चमचे वाजतात. ऐकायला बरं वाटतं. पण माझं भांडण मिटलं असं समजू नका. मी एकीपुरती आहे. तळ दिसायला लागला की दोन्ही चमचे थांबतात, दोघी एकमेकींकडे मला सरकवतात, आणि दोघी अर्ध्या पोटी उठतात.

तेव्हा तुलारामजी, कैलाशराव, तुमच्यापैकी जो कोणी आठवडी बाजाराला जाईल त्यानं माझ्यासारखीच आणखी एक बरणी आणा. झाकणाला हिंगाचा वास असला तरी चालेल. पण आजच आणा, दोघींपैकी एक उद्यापासून "मले भूक नाही" म्हणायला लागायच्या आत.