हेमराजची जीभ

‘कर्नल ९९’. पहिला झुरका गुळासारखा, तिसऱ्यापासून कपाशीची ओली पऱ्हाटी पेटवल्यासारखा.

तीन बोटं. उभी. एकावर एक.

‘नीलपरी’. पुदिना खोटा, पण भरपूर. कागद जाड. राख पडत नाही, लोंबते.

गुलाबच्या ठेल्याला चार महिन्यांपासून कुलूप.

‘लाल मैना’. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकी तापते तसा वास. आवडणाऱ्याला फार आवडते.

स्टीलचा मग, काठोकाठ पाणी.

‘चांदमहल’. काहीच नाही. ओढून झाल्यावर आठवतही नाही, काय ओढलं.

सोमवारी सकाळी बोरगाव मेघेच्या आपल्या अंगणात खाटेवर बसलेल्या हेमराजच्या डोक्यात हे सगळं एकदमच फिरत होतं, आणि त्याच्या तळपायांना घाम फुटला होता.

हेमराजचा पानठेला सावंगीच्या रस्त्यावर, मोठ्या दवाखान्याच्या अगदी समोर. नावाजलेल्या सिगारेटी सगळ्याच ठेल्यांवर मिळतात. हेमराजकडे मिळायच्या त्या कुणी नाव न ऐकलेल्या. नागपूरहून एजंट नमुना घेऊन आला, की हेमराज आधी स्वतः ओढून बघायचा आणि पाकिटाच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहून तो पुठ्ठा तारेला अडकवायचा. त्याने नाक मुरडलं की ती सिगारेट या रस्त्यावर चालत नसे. आजूबाजूचे ठेलेवाले मान द्यायचे तो त्याच्या गल्ल्याला नाही, जिभेला.

तपासायची त्याची रीत पक्की होती. आदल्या दोन दिवसांत सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही, चहा नाही. प्रत्येक सिगारेटीआधी चार फुटाणे आणि घोटभर पाणी. डोळे बांधलेले, कारण नाव वाचलं की जीभ खोटं बोलायला लागते. आणि दोन झुरक्यांनंतर थोटूक लगेच पाण्याच्या मगात, म्हणजे एकीचा धूर दुसरीत मिसळत नाही.

हे झालं धंद्याचं. आता भीतीचं.

गेल्या शुक्रवारी प्रेरणा पाण्याची बाटली घ्यायला आली होती. ही पोरगी समोरच दातांची डॉक्टरकी शिकत होती, शेवटच्या वर्षाला. हेमराजला जांभई आली, आणि तिचे पैसे काढणारे हात थांबले.

“काका, पूर्ण उघडा ना तोंड.”

“पुरंच तर उघडलं.”

“हे पुरं? तीन बोटं घाला बरं, अशी उभी.”

हेमराजने हसत हसत घातली. दोन गेली. तिसरं दातावरच अडलं. तो हसतच राहिला, पण ते हसू आता नुसतं चेहऱ्यावर होतं.

प्रेरणाने मोबाईलचा उजेड आत मारला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, चुन्याचं बोट पुसल्यासारखा.

“कधीपासून आहे?”

“खर्रा लागला असन जास्त.”

“काका, उद्या या. छोटासा तुकडा काढून तपासतील. घाबरू नका.”

घाबरू नका म्हणाली, आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण गुलाबलाही हेच सांगितलं होतं. शेजारचा ठेला गुलाबचा. वीस वर्षं दोघांनी एकाच नळाचं पाणी भरलं. गुलाबने वर्षभर गालातली गाठ लपवली, आणि जेव्हा दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टरांनी अर्धा जबडाच काढला. आता तो घरी नळीतून डाळीचं पाणी पितो. हेमराजच्या मनात मात्र हिशेब उलटा बसला होता. तुकडा काढला म्हणून जबडा गेला. सुई लागली म्हणून पसरलं. सुईच लागली नसती तर गुलाब आज समोर बसून शिव्या देत असता.

घरी त्याने सांगितलं नाही. शनिवारी प्रेरणाच घरी येऊन बायकोला, उज्वलाला, सांगून गेली.

“काऊन जी, मले कधी सांगणार होते?” उज्वलाने परात आपटली. “नळी लागल्यावर?”

“काई झालं नाई मले.”

“गुलाबभाऊ बी असंच म्हणत होते.”

“गुलाबचं नाव नको काढू!” तो इतक्या जोरात ओरडला, की गाल आतून तडकल्यासारखा झाला. मग आवाज उतरला. “हे पाय, बिमारी असती तर पयले जिभेले समजलं असतं. माही जीभ अजून सलामत हाय. चार सिगारेटी दे, डोळे बांध, चारी वळखून दाखवतो.”

“अन् नाई वळखल्या तर?”

“तर त्याच पायी दवाखान्यात जाईन.”

“पोरीची शपथ घ्या.”

स्वीटी अमरावतीला शिकत होती. हेमराजने एकुलत्या एका लेकीची शपथ घेतली, कारण हरण्याचा प्रश्नच नव्हता. चार पाकिटं त्याने स्वतः ठेल्यावरून आणून फडताळात ठेवली. कर्नल ९९, नीलपरी, लाल मैना, चांदमहल. चारही सारख्या लांबीच्या, म्हणजे ओठांना फसवाफसवी नको.

आणि सोमवार उजाडला.

उज्वलाने चारही पाकिटं त्याच्या देखत खाटेवर ओळीने मांडली. मग त्याच्याच दुपट्ट्याने त्याचे डोळे बांधले. फुटाणे. पाणी. पाकिटाचा चरचर आवाज. काडी.

पहिला झुरका. हेमराज लगेच हसला. “चांदमहल. आठवतही नाई अशी.”

उज्वलाने थोटूक त्याच्या हातातून घेतलं. मगात चर्र झालं.

दुसरं पाकीट. झुरका. त्याने धूर जिभेवर धरला, टाळूला लावला, नाकातून सोडला.

“थांब.” अजून एक झुरका. “हे... हे बी तीच नाई वाटून राह्यली?”

“मले काय विचारता जी? जीभ तुमची.”

चर्र.

तिसरी. आता त्याने घाईने ओढली. गुळाची गोडी शोधली, नव्हती. पऱ्हाटीचा कडवटपणा शोधला, नव्हता. सरकी, नव्हती. तोंडात नुसतं कोमट काहीतरी भरत होतं आणि निघून जात होतं. कानांत दवाखान्याच्या गेटवरची गाड्यांची रांग वाजायला लागली, तीन किलोमीटर दूर असून.

“फुटाणे दे अजून.”

तिने दिले. ते चावताना गाल आतून दुखला. त्यांची चव आली की नाही, हे बघायचंही त्याला सुचलं नाही.

चौथी. निदान नीलपरी तरी कळायलाच हवी होती. तो पुदिना आंधळ्यालाच काय, मेलेल्यालाही कळला असता. आतापर्यंतच्या तिन्हींत तो नव्हता, म्हणजे हीच. हेमराजने श्वास भरून ओढली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

थंडावा नाही. काहीच नाही.

त्याने दुपट्टा ओढून काढला. समोर चार उघडी पाकिटं, चार नावं, चार रंग. मगात चार थोटकं फुगून फुटलेली, कागद सुटलेला, तंबाखू तरंगत असलेला. उज्वला मान खाली घालून बसली होती.

चुलीजवळ मिठाची बरणी होती, चार पावलांवर. एक चिमूट जिभेवर टाकली असती तर कळलं असतं. त्याचा हात उठला आणि मांडीवरच परत आला. मीठही कळलं नाही तर? मग पुढे काय उरलं असतं?

“चला,” उज्वला म्हणाली.

“गेली ना माही जीभ?”

“चला म्हणते ना.”

त्याच पायी म्हणजे खरोखर त्याच पायी. चपलाही तिनेच त्याच्या हातात दिल्या. ऑटोत तो तिचा पदर मुठीत धरून बसला, जत्रेत हरवू नये म्हणून धरतात तसा.

प्रेरणा दारातच भेटली. “जीभ नाही काका, गाल बघायचाय,” ती दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही. खुर्ची मागे झुकली. वर पांढरा दिवा. सुई आली तेव्हा त्याला गुलाबची नळी दिसली, आणि त्याने खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला, की नर्सने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

तुकडा निघाला. तांदळाच्या दाण्याएवढा.

मोठे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट गुरुवारी. काय असेल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि हेमराजने विचारलं नाही.

बाहेरच्या बाकावर तो गालात कापसाचा बोळा धरून बसला. सुन्नपणा उतरायला लागला.  बोळ्याखालून रक्त जिभेवर झिरपलं.

खारट.

त्याने ते पुन्हा चाखलं. खारट, आणि मागून लोखंडासारखं. स्पष्ट.

तो हळूच उज्वलाकडे वळला. ती केसपेपरची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. त्याच्याकडे बघत नव्हती.

रविवारी दुपारी तो आंघोळीला गेला होता, तेव्हा उज्वलाने तीन पाकिटं रिकामी करून त्यांत चांदमहल भरली होती.