आजोबांना विचारलेला प्रश्न

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या गावात इझाया ट्रूलवचं नाव कोणी काढत नसे. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी तो काळ्या शेतमजुरांना आपल्या ट्रकमधून मतदार नोंदणीला न्यायचा. त्यासाठीच गोऱ्यांच्या जमावानं त्याला नदीकाठी झाडाला फास लावून मारलं. नाव निघालंच तर गोरे म्हणायचे, लोकांना भडकवत होता. काळे भीतीनं गप्प. शाळेच्या पुस्तकात तर तो नव्हताच.

इतिहासाच्या क्रेनशॉबाईंनी आठवीच्या वर्गात त्याच्यावर धडा घेतला. त्या स्वतः नदीकाठच्या काळ्यांच्या वस्तीत वाढलेल्या. धडा संपल्यावर म्हणाल्या, "घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना काय आठवतंय."

लॉरीन टिडवेल ही गोऱ्या घरातली पोर. आईबाप लहानपणीच गेलेले. आजोबांनी, हार्लननी, तिला वाढवलेलं. तिनं जेवताना विचारलं, "आजोबा, ट्रूलव आठवतो का तुम्हाला?"

हार्लननी हातातला मक्याचा पाव खाली ठेवला. मग म्हणाले, "दोर ओढायला मीही होतो. पोरगेलाच होतो तेव्हा. तुझ्याशी खोटं कसं बोलू?"

लॉरीन ताटावरून उठली ती मावशीकडे राहायला गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर तिनं बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं.

"फार धीराची आहेस गं तू."

"मला धीर नको, बाई. मला ते डोळ्यांसमोर नकोत. आणि त्यांच्यावाचून करमतही नाही."

संध्याकाळी बाई हार्लनकडे गेल्या. "ट्रूलवची मुलगी अजून आहे. जे नातीला सांगितलंत ते तिला सांगा."

म्हातारा तिच्या घरी गेला. सत्तरी गाठलेली रोझेटा जाळीच्या दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "बाबा काही म्हणाले?"

"तुझं नाव घेत होते. शेवटपर्यंत."

तिनं दार लावून घेतलं. आतून रडणं ऐकू येत होतं. हार्लन किती तरी वेळ पायरीवर उभे होते.

त्याच हिवाळ्यात ते झोपेतच गेले. लॉरीन परत आलीच नव्हती. शाळेनं बाईंना तो धडाही तोवर बंद करायला लावला होता.

अंत्यविधीला क्रेनशॉबाई चर्चबाहेर उभ्या होत्या. लॉरीन थेट त्यांच्याकडे आली.

"रोज सकाळी तेच माझी वेणी घालायचे, बाई. त्यांना नीट जमायची नाही. मी चिडायचे."

बाईंनी तिला पोटाशी धरलं.