रिकाम्या जागेची पाटी

मी एक पत्र्याची पाटी बोलतेय. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पिवळ्या रंगावर ठसठशीत काळी अक्षरं: ‘जाहिरातीसाठी जागा रिकामी आहे’, आणि खाली मालकांचा फोन नंबर. चौकातल्या बसथांब्यामागच्या उंच लोखंडी सांगाड्यावर माझी जागा. जाहिरात मिळाली की मला उतरवतात, तिची मुदत संपली की पुन्हा चढवतात. म्हणजे मी वर दिसले की मालकांचे दिवस वाईट. घरात मला पांढऱ्या पायाचीच समजत, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मालक मुळात दुकानांच्या पाट्या रंगवणारे. लग्नाच्या वर्षी त्यांनी उसन्या शिडीवर चढून हा सांगाडा उभा केला आणि लगेच मला रंगवलं. सासरे बघायला आले.

“जावईबापू, धंद्याचा श्रीगणेशा ‘रिकामी आहे’ म्हणून करताय?”

“दुकान उघडलंय हे लोकांना कळायला नको का?” मालक म्हणाले.

आठवड्याभरात एका छत्रीवाल्याचा फोन आला आणि मी पहिल्यांदा खाली उतरले.

पुढे मालकांचा जम बसला. एका सांगाड्याचे सात झाले. त्यांचं तत्त्व एकच, जाहिरात उंच हवी. उंचावरचं लांबून दिसतं, असं ते शिडीवरून ओरडून सांगत. मी मात्र वर्षानुवर्षं गोदामात, रंगांच्या डब्यांमागे. मालकीणबाई माझ्याआड झाडू ठेवायच्या. अडगळीत पडूनही मी सुखात होते, कारण शेजारच्या खोलीतून बापलेकीचं हसणं ऐकू यायचं.

मग चौकाचौकात झगमगते पडदे आले, दर दहा सेकंदांनी चित्र बदलणारे. गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. सहा सांगाडे गेले, हा एक उरला आणि त्यावर मी, सलग दहा महिने. कावळ्यांशीसुद्धा माझी ओळख झाली. शेवटी एका शुक्रवारी पडदेवाल्या कंपनीचा साहेब फीत घेऊन जागा मोजायला आला.

“ही जागा आम्हाला सोडा. तुम्हाला देखरेखीच्या नोकरीवर घेतो. सोमवारपर्यंत कळवा.”

तीस वर्षांत मालकांनी कुणाची चाकरी केली नव्हती. साहेब गेल्यावर ते माझ्या पायाशी शिडीच्या पायरीवर बसून राहिले. मला त्यांचा डोक्यावरचा भांग तेवढा दिसत होता. तो किती विरळ झालाय, हे मला तेव्हा कळलं.

त्यांची लेक याच थांब्यावरून रोज नोकरीला जायची. शनिवारी ती म्हणाली, “बाबा, वर बघतंय कोण आता? सगळे मोबाइलमध्ये.”

“मला धंदा शिकवू नकोस.”

“नाही शिकवत. एक दिवस रांगेत उभे राहा, एवढंच म्हणते.”

मालक हट्टानं उभे राहिले. बसमागून बस गेली, पण माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मालकांनीही नाही. दुपारी लेक परतली आणि तिनं विचारलं, “काय काय वाचलं लोकांनी?”

“लोकांचं सोड. मला किल्लीवाल्याचा नंबर पाठ झाला.”

थांब्याच्या खांबावर, छातीच्या उंचीला, तळहाताएवढी चिठ्ठी चिकटवलेली होती. उभं राहून राहून मालकांनी ती चाळीस वेळा वाचली होती. “आयुष्यभर मी लोखंड उभं करतोय,” ते म्हणाले, “आणि हा बाबा डिंकाच्या एका बोटात मला भारी पडला.” आणि ते हसत सुटले. कित्येक महिन्यांनी.

रविवारी सकाळी मला उतरवलं. गिऱ्हाईक मिळालं म्हणून मी हरखले, पण लेकीच्या हातात पत्रा कापायची कात्री होती.

“थांब्यामागची भिंत आपल्याच भाड्यात आहे ना? बारा तुकडे करू, डोळ्यांसमोर लावू. एक मोठं गिऱ्हाईक नाही मिळत, तर बारा लहान बघू.”

मालकांनी कात्री तिच्याकडून घेतली. “हिला मी रंगवलंय. कापीनही मीच.” मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण नोकरीवर जाणारे मालक बघण्यापेक्षा हे बरं.

पहिला तुकडा किल्लीवाल्यानं घेतला. मग शिंपी, चष्मेवाल्या बाई, सायकल दुरुस्तीवाला. संध्याकाळपर्यंत नऊ गेले, सोमवारी सकाळी उरलेले तीन. लेकीनं त्या दिवशी रजाच टाकली होती.

दुपारी साहेब आला. भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला, बाराही पाट्या वाचून काढल्या. मग घसा खाकरून म्हणाला, “नोकरीचं राहू द्या. यातली एक आम्हाला मिळेल का? आमच्या पडद्यांची जाहिरात लावायची होती.”

मालकांनी लेकीकडे पाहिलं. कित्येक वर्षांत न उच्चारलेलं वाक्य त्यांनी सावकाश, चव घेत उच्चारलं.

“माफ करा साहेब, जागा रिकामी नाही.”

माझी अक्षरं आता रंगाखाली गेली. मी बारा ठिकाणी आहे आणि मला कशाचीच तक्रार नाही. बसची वाट बघत असाल तर आम्हाला जरूर वाचा. मालक रोज सकाळी फडकं घेऊन येतात, बाराही तुकडे पुसतात. मला बघून त्यांना आनंद होतो, हे सुख मला म्हातारपणी मिळालं.