विचारल्यावर थांबायचं

"बाई, तुम्ही परत उत्तर देऊन टाकलंत," समुपदेशक मुलगी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

वर्ग म्हणजे शाळेतले शिक्षक. सातवीच्या बाकांवर गुडघे दुमडून कसेबसे मावलेले. फळ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत भूगोलाच्या बाई होत्या आणि दुसरीत इतिहासाचे सर आठवीतली मुलगी होऊन बसले होते. मिशीसकट.

"ही मुलगी म्हणाली, मला काही बरं वाटत नाही," समुपदेशक मिशीकडे शक्य तितक्या गंभीरपणे बघत म्हणाली. "त्यावर तुम्ही म्हणालात, काय झालं, अभ्यासाचं टेन्शन आलं असेल, आई रागावली असेल, ती चांगल्यासाठीच रागावते, जा, तोंड धुऊन ये. तिला तोंड उघडायला जागाच कुठे ठेवलीत?"

"मी वर्गात असंच करते," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "आणि मुलं जातात तोंड धुऊन."

"जातात. आणि तुम्हाला काही न सांगता परत येऊन बसतात."

हे बाईंना लागलं. पण समुपदेशक मुलगी म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. पोर्शन संपवायचा असतो, तास संपत आलेला असतो, समोर सगळी तोंडं मिटलेली असतात. अशा वेळी पृथ्वी कशाभोवती फिरते, सूर्याभोवती, असं एका दमात म्हणून पुढे जायची बाईंना इतक्या वर्षांत सवयच लागली होती. आणि ती काही एकट्या त्यांना नव्हती. आज सकाळपासून जो खुर्चीत बसला त्याने हेच केलं होतं. गणिताच्या बाईंनी तर रडणाऱ्या मुलाला वेळापत्रक आखून दिलं होतं.

खुर्चीत बसणं हीच मुळात शिक्षा होती. मुलं त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्या बाकांमधून फिरत शिकवत, फिरत पेपर तपासत, घरी फोनवर बोलतानाही फिरत. त्यात आज बऱ्याच वर्षांनी धाकटी बहीण येणार होती आणि तिला उतरवून घ्यायला दुपारी बसस्टॉपवर जायचं होतं. मांडीवरच्या पर्समध्ये मोबाईल सारखा थरथरत होता. नवरा. निघालीस का, हे विचारायला. मोबाईल बंद करायला त्यांनी पर्समध्ये हात घातला तर हाताला मोठी जड किल्ली लागली, आणि त्या आणखीनच वैतागल्या.

ती खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली. सकाळी व्हरांड्यात पीटीच्या सरांनी त्यांच्या हातात ठेवली होती. "तुमच्याकडे असू द्या, बाई. माझ्याकडून हरवते हल्ली." घाई होती म्हणून बाईंनी ती पर्समध्ये टाकली होती, एवढंच.

"आता पुढचं," समुपदेशक म्हणाली. ती वयाने इतकी लहान होती की इथल्या अर्ध्या लोकांनी तिला शिकवलेलं असू शकलं असतं, तरी सगळे तिला मॅडम म्हणत होते. "शंका आली तर सरळ विचारायचं. आडून नाही. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का, असंच."

बाकांवर चुळबुळ झाली.

"असलं अभद्र कसं विचारायचं हो?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "नसेल तर येईल की डोक्यात."

"विचारल्याने येत नाही. आलेला असेल तर तो बोलायला वाट मिळते. आणि विचारल्यावर थांबायचं. गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे."

शेजारच्या शाळेत गेल्या वर्षी नको ते घडलं होतं, म्हणून तर हे प्रशिक्षण होतं. त्यामुळे कुणी वाद घातला नाही. भूगोलाच्या बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जमेना. मधेच जीभ अडत होती.

मग पीटीच्या सरांची पाळी आली आणि बाकांवर जान आली. सर म्हणजे शाळेतले नकलाकार. स्नेहसंमेलनात मोठ्या बाईंची नक्कल मोठ्या बाईंसमोर करायची हिंमत त्यांचीच. त्यांना दहावीतला मुलगा व्हायचं होतं. चाचणीत नापास झालेला, मित्र तुटलेले, असं कार्डावर लिहून दिलं होतं. समोर गणिताच्या बाई शिक्षिका होऊन बसल्या आणि त्यांनी या वेळी नीट, सावकाश विचारलं, "काय होतंय तुला?"

सरांनी हातातलं कार्ड पालथंच खुर्चीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाले, "सकाळी बूट घालायला खाली वाकतो ना, तर परत उठावंसं वाटत नाही. तसाच बसून राहतो. कुणी हाक मारली की उठतो. म्हणजे त्यांच्यासाठी उठतो. घरात सगळे बोलत असतात, हसत असतात, मीही हसतो. पण आवाज लांबून येतात. मला वाटतं, मी नसलो तरी हे सगळं असंच नीट चालू राहील. वाईट नाही वाटत त्याचं. बरंच वाटतं."

वर्गात टाळ्या पडल्या. इतिहासाच्या सरांनी बाक वाजवला. "मानलं, बुवा. अंगावर काटा आणलात."

"मोबाईलवर घ्या रे कुणीतरी," मोठ्या बाई मागून म्हणाल्या. "इतर शाळांना दाखवता येईल. सर, परत एकदा करा."

समुपदेशक टाळ्या पडत असतानाच कागद आणायला ऑफिसात गेली होती, नाहीतर तिने थांबवलं असतं. गणिताच्या बाईंनी पदर सारखा केला, इतिहासाच्या सरांनी मोबाईल धरला. पीटीचे सर खुर्चीत बसले. "काय होतंय तुला?"

"तेच परत सांगू?" सर म्हणाले. सुरुवात केली, बुटांपर्यंत आले आणि थांबले. मान हलवून उठलेच.

"पहिल्यासारखं नाही जमलं," इतिहासाचे सर म्हणाले. "पहिल्याला दहापैकी दहा. याला सहा." पुन्हा हशा. सरही हसले आणि बाकावर जाऊन बसले.

भूगोलाच्या बाई हसल्या नाहीत. खुर्चीवर सरांचं कार्ड तसंच पालथं पडलं होतं. सरांनी ते उलटून पाहिलंच नव्हतं. त्यांच्या बोलण्यात चाचणीचं नाव नाही, मित्रांचं नाव नाही. दहावीतला मुलगा असं बोलतो होय? बाईंना बसवेना. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, तिथून दारापाशी आल्या. मोठ्या बाईंनी डोळ्यांनीच दटावलं तेव्हा परत येऊन बसल्या आणि पर्समधली ती किल्ली मुठीत धरली.

ही किल्ली सर कुणाला देत नसत. एकदा मोठ्या बाईंनी मागितली होती, तर सर स्वतः जाऊन खोली उघडून उभे राहिले होते. आतला प्रत्येक चेंडू त्यांनी नीट हवा भरून, फडक्याने पुसून ठेवलेला असे. आणि हा माणूस म्हणतो, हरवते.

प्रशिक्षण संपलं. बाकं सरकली, चहाचे कप गोळा झाले, सगळे शनिवारची अर्धी सुट्टी वाचवायला पळाले. नवऱ्याचा फोन पुन्हा आला. बाईंनी तो घेतला नाही. त्या समुपदेशक मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि किल्लीचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मनातून त्यांना वाटत होतं, आता ही बघून घेईल आणि आपण सुटलो.

मुलीने पिशवीत कागद भरायचे थांबवले. "मलाही खटकलं होतं ते बोलणं. पण ते एरवीही असंच बोलतात का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. मी विचारू की तुम्ही विचाराल? मी इथून हलत नाही."

"माझी जीभ नाही हो वळत."

"मग मी येते."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. पीटीचे सर मैदानावर एकटेच व्हॉलीबॉलची जाळी उतरवत होते. अनोळखी मुलगी समोर गेली तर काय होणार हे बाईंना स्पष्ट दिसलं. सर एखादी नक्कल करतील, तिला हसवतील आणि घरी जातील. "नको," त्या म्हणाल्या. "मीच जाते."

मैदानावर ऊन तापलं होतं. सर खांबाची गाठ सोडत होते.

"निघाला नाहीत?" सरांनी विचारलं. "बहीण येणार ना तुमची?"

"येईल तिची ती. सर, किल्ली का दिलीत मला?"

"सांगितलं की. हरवते."

"तुमच्याकडून आजवर टाचणी हरवली नाही."

"माणूस बदलतो, बाई."

"मघाशी बोललात ते कार्डावरचं नव्हतं."

"नाटक होतं हो ते. दहापैकी दहा मिळाले, ऐकलंत ना?" सर हसले.

बाईंना क्षणभर फार हायसं वाटलं. नाटक होतं. बहिणीची बस अजून गाठता आली असती. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या भरातच त्यांच्या तोंडून ते निघालं.

"सर, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

सरांचे हात गाठीवरच थांबले. वर बघितलं नाही त्यांनी. बाईंच्या ओठांवर उत्तरं रांगेने येऊन उभी राहिली. तसं काही नसेलच म्हणा. थकला असाल. झोप झाली नसेल. पाय तर कधीच चालायला लागले असते. बाईंनी टाचा मातीत दाबून धरल्या. आयुष्यात त्या इतक्या गप्प कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि हे आपल्याला झेपणार नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं, तेव्हा सर म्हणाले, "येतो."

बाई तरीही बोलल्या नाहीत.

"काय झालं असं मात्र विचारू नका," सर गाठीशीच बोलल्यासारखे बोलत होते. "काहीच झालेलं नाही. भाऊ चांगला आहे, वहिनी जेवल्याशिवाय झोपू देत नाही. सांगण्यासारखं काही झालं असतं तर सांगितलं असतं हो कुणाला तरी. मुलांना शिट्टी मारतो, पळवतो, सगळं करतो. आत काही राहिलेलं नाही."

"आज काही ठरवलं होतंत?"

"किल्ली देऊन झाली होती," सर म्हणाले.

बाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "मला भीती वाटतेय, सर," त्या म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

सरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "मलाही वाटते," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा रडवेला झाला.

"मग मी तुम्हाला आज एकटं सोडत नाही. त्या मुलीला बोलावते. तिच्या माहितीतले डॉक्टर असतील. चालेल?"

"मोठ्या बाईंना नको."

"नाही सांगत. पण भावाला सांगावं लागेल."

सरांनी मान डोलावली. मग अर्धी उतरलेली जाळी बघून म्हणाले, "हे एवढं करून जाऊ." दोघांनी मिळून जाळी उतरवली. बाईंना घडी घालायची पद्धत माहीत नव्हती. सरांनी दोनदा दाखवली, तिसऱ्यांदा कंटाळून स्वतःच घातली.

समुपदेशक मुलीने तिथूनच फोन लावले. दवाखान्यापर्यंत ती सोबत आली, आतल्या डॉक्टरांशी बोलली आणि सरांच्या भावाला घ्यायला खाली फाटकाशी जाऊन थांबली. बाहेरच्या खोलीत गर्दी होती. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती, त्यात कडेच्या दोन मिळाल्या. बाईंनी नवऱ्याला फोन केला.

"अगं, आहेस कुठे? बस केव्हाच येऊन गेली. मीच जाऊन आणलं तिला. रागावलीय ती."

"रागावू दे. मला उशीर होईल."

"काय झालंय?"

"शाळेतल्या एकांना बरं नाही. सोबत आलेय."

"बरं. आम्ही जेवून घेतो. तू नीट ये," नवरा म्हणाला.

सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांसारखे खाली मान घालून. "तुम्ही जा आता, बाई," ते म्हणाले. "भाऊ येतोच आहे."

"आला की बघू."

"बसवतंय का तुम्हाला इतका वेळ?"

"नाही बसवत," बाई म्हणाल्या. "पण बसलेय."

आतून सरांना हाक आली. सर उठले, शर्ट नीट खोचला, दाराकडे दोन पावलं गेले आणि परत फिरले. बाईंना वाटलं, आता हे निघून जातात. त्यांनी अर्धवट उठून हात पुढे केला. पण सरांनी खिशातून रुमाल काढला, आपल्या खुर्चीवर टाकला आणि आत गेले. दार लागलं.

थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या. "तुम्ही इथे बसा," त्या म्हणाल्या. "तिथे बसलेत एकजण. येतायत आत्ता." आणि रुमाल टाकलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.