चौदावं पदक

टपाल खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जुने सहकारी तिला 'तोफ' म्हणत. चुकीच्या खणात पत्र टाकणाऱ्याची तिनं कधी गय केली नव्हती. म्हणूनच खात्याच्या वर्धापनदिनाची पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा खात्याच्या सध्याच्या साहेबांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं. लष्करी टपालात काम करताना शौर्यपदक मिळालेल्या एकोणीस जणांची माहिती काढायची होती.

आठ महिने ती दफ्तरखान्यात धूळ खात बसली. तेरा जण झाले. चौदावा एका आघाडीवरच्या टपाल कचेरीचा अधिकारी. गोळा पडून तंबू पेटला असता त्यानं जिवाची पर्वा न करता टपालाच्या सात थैल्या बाहेर काढल्या, असं मानपत्रात होतं.

त्या कचेरीचं नाव वाचूनच तिला आनंद झाला. तिचे मामा तिथंच थैल्या फोडून पलटणींप्रमाणे पत्रं लावायचे. तिनं हौसेनं अख्खी फाईल मागवली. शिफारशीला एका साक्षीदाराचा जबाब जोडलेला होता. 'साहेबांना थैल्या काढताना मी समक्ष पाहिले.' खाली मामांचं नाव. सहीच्या जागी पायाच्या अंगठ्याचा ठसा, आणि कारकुनाची टीप: 'दोन्ही हात भाजल्याने सही करता येत नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसतं बघणाऱ्याचे हात कशानं भाजले? कागदावर तीन कचेऱ्यांचे शिक्के होते. एकालाही हा प्रश्न पडू नये? तिनं त्या महिन्याची हजेरीवही काढायला लावली. आगीच्या दिवशी तो अधिकारी मुख्यालयात होता. आदल्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही.

ती तशीच मामांकडे गेली. शहाऐंशी वर्षांचे मामा खिडकीशी बसून वाकड्या बोटांनी शेंगा सोलत होते. तिनं जबाबाची नक्कल त्यांच्या पुढ्यात आपटली.

"स्टोव्हचा भडका उडाला म्हणालात ना? आम्हा सगळ्यांना जन्मभर हेच सांगितलंत!"

मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"थैल्या मिळाल्याच्या पोचपावतीचा कागद आहे, म्हणाला तो साहेब," ते म्हणाले. "तापानं फणफणलो होतो मी. वाचून कोण दाखवतंय? पाय धरला नि ठसा घेतला."

"आणि नंतर? पदक जाहीर झाल्यावर?"

"गेलो होतो ना त्याच्याकडे. म्हणाला, जबाब तुझा आहे. खोटा म्हणालास तर नोकरीला मुकशील. पदरात दोन पोरी होत्या माझ्या, बये."

"म्हणून गप्प बसलात?"

"हो, बसलो!" मामांनी शेंगांचं ताट भिरकावलं. टरफलं खोलीभर उडाली. मामांचा आवाज चढलेला तिनं आजवर ऐकला नव्हता. "दरवर्षी समारंभात तो छातीवर ते मिरवायचा आणि मी टाळ्या वाजवायचो. या हातांनी! मेला तेव्हा खांदाही दिला मी त्याला. छाप तू. सगळं छाप."

तिनं चौदावं पान नव्यानं लिहिलं. जबाब आणि हजेरीवहीचं पान शेजारी शेजारी लावलं आणि मजकूर पुस्तिकेचं काम देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, चष्मा पुसला.

"बाई, त्या अधिकाऱ्यांचा मुलगा प्रमुख पाहुणा आहे. आनंदाचा प्रसंग, त्यात हे कशाला? वाटल्यास तुमच्या मामांचा सत्कार करू. शाल देऊ."

"शाल?" ती उठलीच. "माणसाचे हात जळले, त्याचं पदक दुसऱ्यानं चोरलं, आणि तुम्ही त्याला शाल पांघरणार?"

"पुरावा जुना आहे. वरून परवानगी लागेल."

"मग आधीची तेरा पानंही द्या इकडे. माझ्या मेहनतीवर तुमची खोटी पुस्तिका निघणार नाही."

तिनं कागदांचा गठ्ठा उचलला. साहेब 'अहो, अहो' करत दारापर्यंत आले. ती थांबली नाही.

पुस्तिका निघालीच. कुणीतरी चार दिवसांत जुनी मानपत्रं उतरवून काढली. मुखपृष्ठावर त्या अधिकाऱ्याचा पदकासह फोटो होता. तिनं नकला जोडून वर तक्रार पाठवली. साक्षीदारानं इतक्या वर्षांनी जबाब फिरवला तर तो ग्राह्य धरता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. तिनं ते मामांना वाचून दाखवलं.

"फिरवला?" मामा लाल झाले. "मी दिला तरी होता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघं दफ्तरखान्याच्या दारात हजर होते. मामांना जिना चढवत नव्हता, म्हणून तिनं शिपायाला फायली खाली आणायला लावल्या. उरलेल्या अठरा मानपत्रांवरचाही तिचा विश्वास उडाला होता.

"प्रत्येकाची हजेरीवही काढा," ती शिपायाला म्हणाली. "आणि प्रत्येकाचा साक्षीदार."

मामांनी पहिली फाईल स्वतःकडे ओढली.