पुष्पाची बहीण

धाडच्या आठवडी बाजारात गुलाबराव एका चहाच्या टपरीशेजारी खुर्ची टाकून बसत. फौजेत असताना सुरुंगानं त्यांचा एक पाय गुडघ्याखालून नेला होता. घरी आल्यावर त्यांनी हेच काम धरलं. आजूबाजूच्या गावांतल्या माजी सैनिकांची अडलेली कामं मार्गी लावायची. कुणाची पेन्शन मध्येच बंद पडलेली असायची, कुणाला दवाखान्याचं कार्ड मिळत नसायचं, कुणाची बायको बुलढाण्याला हेलपाटे घालून थकलेली असायची. गुलाबराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि कपभर चहाखेरीज कुणाचं काही घेत नसत.

तुळशीराम हवालदार मात्र स्वतःच्या कामासाठी त्या खुर्चीकडे कधी गेले नाहीत. एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस. पेन्शनीवर आल्यापासून गावाच्या कडेच्या आपल्या वावरात भाजीपाला लावायचा आणि कुणाच्या अध्यात मध्यात नसायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचं डोकं हळूहळू विस्कटत गेलं. आधी ते वावराची वाट विसरले, मग नातवांची नावं विसरले. म्हणून त्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन गुलाबराव स्वतःच त्यांच्या घरी आले.

अंबूबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, म्हाताऱ्याला धरून आणलं, त्याचा अंगठा नीट यंत्रावर टेकवला. काम झालं. गुलाबराव जुनी कागदपत्रं चाळत होते, ते एकदम थांबले.

"मावशी, तुमचं नाव पुष्पाबाई हाये का?"

"नाई," अंबूबाई म्हणाल्या. "पुष्पा माझी मोठी बहीन व्हती."

एवढं सांगून त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. पण सांगायला लागलंच. पुष्पा आणि अंबू, दोघी चिखलीकडच्या. पुष्पाचं लग्न फौजेतल्या पोराशी झालं तेव्हा सगळ्या गावानं कौतुक केलं होतं. लढाई चालू असतानाच पुष्पा बाळंत झाली, पोरगा झाला, आणि आठ दिवसांच्या आत ती तापानं गेली. तुळशीराम तेव्हा सरहद्दीवर होते. ते आले तेव्हा दिवस-तेरवी सगळं होऊन गेलेलं होतं. घरात एक तान्हं पोर होतं आणि ते पोर सांभाळायला आलेली सतरा वर्षांची मेहुणी होती. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी विचार केला, पोराला सावत्र माय आणण्यापेक्षा मावशी काय वाईट. वाजंत्री नाही, वरात नाही. मारुतीच्या देवळात चार माणसांत हार घातले आणि अंबू त्या घरातच राहिली. जिथं ती बहिणीचं घर सांभाळत होती, ते घर तिचं झालं.

माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणायचे. तोंडभरून कौतुक म्हणूनच म्हणायचे. अंबूला ती म्हण कधी आवडली नाही. तिची बहीण मेली होती. तिच्या मरणाला कुणी इतक्या सहज 'मरो' म्हणावं, हे तिला सोसत नसे.

तिला पुढं मूल झालं नाही. पण बहिणीचा पंजाब तिच्या मांडीवर वाढला, तिलाच माय म्हणाला, आणि तिनंही त्यात कधी कमी-जास्त केलं नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आईचं नाव विचारलं, तेव्हा तिनंच पुष्पा सांगितलं होतं. बहिणीचं तेवढं तरी राहू द्यावं, असं तिला वाटलं होतं.

गुलाबरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं की पलटणीच्या दप्तरी बायको म्हणून अजून पुष्पाबाईंचंच नाव आहे. उद्या हवालदारांचं काही बरंवाईट झालं, तर त्या दप्तराच्या लेखी तुम्ही कुणीच नाही, त्यांच्यामागं पेन्शनही मिळणार नाही. नाव बदलायला अडचण नाही, पण हवालदारांनी स्वतः साहेबासमोर सांगायला पाहिजे.

"येवढ्या वर्षांत केलं काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

अंबूबाईंनी खांदे उडवले. राहून गेलं, म्हणाल्या. खरं म्हणजे तरुणपणी एकदा त्यांनी विषय काढला होता. शेजारच्या एका फौजीच्या बायकोनं सांगितलं म्हणून. तुळशीराम जेवत होते. त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं आणि ते वावरात निघून गेले. अंबूला तेव्हाच उमगलं. आपलं नाव घालायचं तर आधी पुष्पा वारली असं लिहून द्यावं लागणार, आणि ते या माणसाच्या हातून होणार नाही. दुसरी कुणी बाई असती तर हट्टाला पेटली असती. अंबूचं तसं होतं का? जी गेली होती ती तिचीच बहीण होती. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात ते बुलढाण्याला निघाले. सोबत पंजाबराव येणार होता, पण कोबीची गाडी भरायची होती, म्हणून गुलाबराव आणि अंबूबाई दोघंच म्हाताऱ्याला घेऊन एसटीत बसले. सून कोकिळेनं सासूला आपलं चांगलं, जांभळ्या काठाचं लुगडं नेसायला लावलं होतं. म्हाताऱ्याला दाढी करून, पांढरा सदरा घालून खिडकीशी बसवलं. वाटेत ते शांत होते. बाहेरची शेतं पाहत होते.

सैनिक कल्याण कार्यालयात अनुपमा नावाची एक तरुण बाई टेबलापाशी होती. तिनं आधी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, मग पंखा त्यांच्याकडे वळवला. भिंतीवरचे फौजी फोटो पाहून तुळशीरामांच्या अंगात काय आलं कोण जाणे. ते ताठ झाले. आत आलेल्या साहेबांना त्यांनी उभं राहून कडक सलाम ठोकला. साहेबांनी फौजेतला नंबर विचारला, तो त्यांनी न अडखळता सांगितला. पलटण सांगितली, कमांडरचं नाव सांगितलं. अंबूबाई बघतच राहिल्या. कालच हा माणूस ताटातली भाकर कुठल्या हातानं मोडायची ते विसरला होता. त्यांना वाटलं, देवानं आजच्यापुरतं त्याला परत धाडलं. गुलाबरावही खुशीत आले. आता काम झालंच, अशा डोळ्यांनी त्यांनी अंबूबाईंकडे पाहिलं.

"हवालदार साहेब, पत्नीचं नाव?" अनुपमानं विचारलं.

"पुष्पा."

मग गुलाबराव खाली वाकून म्हाताऱ्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "साहेब, नीट पाहा. ह्या बाजूले बसल्या, ह्या कोन हायेत?"

तुळशीरामांनी मान वळवली. अंबूबाईंकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, अगदी माया होती, आणि म्हणूनच अंबूबाईंना वाटलं की आता ते बरोबर सांगणार.

"हे?" ते म्हणाले. "हे पुष्पाची बहीन. ल्हानी. पोरगं सांभायाले आली."

अंबूबाईंनी पदर सारखा केला. त्यांना काही झालंय असं कुणाला वाटलं नसतं. अनुपमानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्यांना पाणी हवं का, असं विचारलं. त्या नको म्हणाल्या. साहेबही भला माणूस होता. त्यानं सांगितलं, हवालदारांची ही अवस्था असताना आज त्यांचं म्हणणं लिहून घेणं बरोबर होणार नाही, कारण ते तुमच्याच विरुद्ध जाईल. दुसरा रस्ता आहे. गावातली जुनी माणसं, लग्नाला हजर असलेलं कुणी, मुलाचा जबाब. वेळ लागेल, पण होईल. गुलाबरावांनी मान डोलावली आणि हे सगळं मी बघतो म्हणाले.

बसस्टँडवर बस यायला अवकाश होता. गुलाबराव गाडीची चौकशी करायला गेले. ते दोघं बाकावर बसले. अंबूबाईंच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पन्नासेक वर्षं या माणसाच्या चुलीला जाळ घातला, त्याच्या आईचं मरेपर्यंत धुतलं-पुसलं, त्याचं पोर वाढवलं, आणि शेवटी आपण त्याच्या लेखी पोर सांभाळायला आलेली पाहुणी. त्यांना राग यायला हवा होता. पण राग कुणाचा करायचा? त्याच्या डोक्यात आता फार थोडं उरलं होतं, आणि त्या उरलेल्यात जी होती ती पुष्पा होती.

तेवढ्यात तुळशीरामांनी त्यांचा हात धरला. रस्त्यानं चालताना पडू नये म्हणून धरत, तसा नव्हे. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"पुष्पा," ते म्हणाले, "म्या सुट्टी मांगतली व्हती वं."

अंबूबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

"साहेब म्हने, लढाई चालू हाये, आता कोनालेच सुट्टी नाई. मंग म्या दुसऱ्यांदा गेलो नाई मांगाले." त्यांचा आवाज फाटला. "जायाले पाह्यजे व्हतं."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. पुष्पाचं नावसुद्धा घरात निघत नसे. अंबूबाईंना वाटलं, सांगावं, अवो, मी अंबू. पुष्पा गेली, तिले म्याच शेवटचं पानी पाजलं, ते तुमची वाट पाहत गेली. हे खरंच होतं. पुष्पा शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. अंबूनं हेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्यापाशी तर नाहीच.

म्हातारा तोंडाकडे पाहत बसला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायचं त्याला कळत नव्हतं.

"तुमच्या हाती नव्हतं ते," अंबूबाई म्हणाल्या. "म्या नाई धरलं मनात."

"खरं?"

"हाव. खरं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. थोड्या वेळानं विचारलं, "पोरगं?"

"दूध पेऊन झोपलं. ल्हानी हाये ना घरी. ते पाह्यते त्याले."

"चांगली पोर हाये ते," तुळशीराम म्हणाले. "लय करते आपल्यासाठी. तिचं लगन चांगल्या घरी लावू आपुन."

अंबूबाईंनी 'हाव' म्हटलं. मग त्यांना तोंड फिरवून घ्यावं लागलं. स्टँडवर एक गाडी लागली होती, लोक चढायला धावत होते, कंडक्टर ओरडत होता. गुलाबराव काठी टेकत परत आले तेव्हा म्हातारा बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता आणि अंबूबाई लुगड्याच्या जांभळ्या काठानं त्याचं तोंड पुसत होत्या.

त्या दिवसानंतर तुळशीराम फार बोलले नाहीत. रात्री दचकून उठणं थांबलं. कोकिळा म्हणायची, मामंजी आता कसे निवांत वाटतात. अंबूबाईंनाही ते निवांतपण दिसत होतं, आणि ते कुणाच्या नावानं आलं तेही ठाऊक होतं. थंडीत हरभरा घाट्यांवर आला तेव्हा एका सकाळी म्हाताऱ्यानं चहा घेतला नाही. गुलाबराव तिरंगा घेऊन आले. धाडमधले आणि आसपासचे पाच-सहा जुने फौजी आले, त्यांनी छातीवर पदकं लावून खांदा दिला.

पुढचं सगळं गुलाबरावांनी केलं. मारुतीच्या देवळात लग्नाला हजर असलेली एकच बाई उरली होती, गावातली कलाबाई. तिला जीपमध्ये घालून त्यांनी बुलढाण्याला नेलं. पंजाबराव गेला. साहेबानं त्याला विचारलं की जन्म देणारी आई कोण. तो म्हणाला, कागदावर आहे ती. मग म्हणाला, मी तिला पाहिलं नाही, माझी माय घरी आहे. हे सांगताना पन्नाशीचा तो माणूस लहान पोरासारखा रडला, असं गुलाबरावांनी नंतर कोकिळेला सांगितलं.

काम व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. पेन्शनीची मंजुरी आली तशी गुलाबराव स्वतःच सांगायला आले. अंबूबाई वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होत्या. त्यांनी नळी बाजूला टाकली, हात धुतले, चहा ठेवला. बातमी ऐकून बरं झालं म्हणाल्या. कोकिळेनं साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

कोकिळा आत गेल्यावर अंबूबाईंनी विचारलं, "गुलाबभाऊ, तुमी फौजेत व्हते म्हनून इचारते. लढाईत मानूस सुट्टी मांगतो का? का ते मले बरं वाटावं म्हनून म्हनले?"

बसस्टँडवर काय झालं ते त्यांनी मग सगळं सांगितलं. गुलाबरावांनी कप खाली ठेवला. मागतात, म्हणाले. काही मागतात, काहींना तोंड उघडायची हिंमत होत नाही. हवालदार साहेबांनी मागितली की नाही, हे मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू.

"म्या पुष्पाच्या वतीनं माफ करून टाकलं," अंबूबाई म्हणाल्या. "ते वाट पाहत गेली व्हती, आन् म्या म्हनलं का मनात धरलं नाई. तिले न इचारता."

"मावशी..."

"आन् माह्यं त्यायले काई सांगाचंच राह्यलं."

गुलाबरावांनी कपातला उरलेला चहा संपवला. वाफ्यात टाकलेल्या नळीतून पाणी वाहत होतं, ते पाहून अंबूबाई उठल्या आणि नळी दुसऱ्या सरीत लावून आल्या. गुलाबरावही उठले. देऊळघाटला एक जुना सुभेदार अंथरुणाला खिळला होता, त्याच्या बायकोचंही नाव असंच लावायचं राहिलं होतं. आज तिकडं जायचं आहे, म्हणाले.

अंबूबाई त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या. जीप येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या.

"त्या बाईले माह्याकून सांगा," त्या म्हणाल्या, "कागदाचं होईल मंग. म्हातारा वळखते तवर त्याच्यापाशी बसून घे म्हना. जे बोलाचं ते बोलून घे."

गुलाबरावांनी हो म्हटलं. जीप आली, ते पुढच्या सीटवर चढले, काठी आत ओढून घेतली. अंबूबाई परत वावरात गेल्या. वांग्याला अजून अर्धं पाणी द्यायचं होतं.