खो मिळाल्यानंतरचे अकरा सेकंद

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी विद्यानगरच्या मैदानावर स्नेहाला खो मिळाला आणि ती उठली नाही.

राज्याच्या अठरा वर्षांखालील संघाची निवड चाचणी चालू होती. पाठीला हात लागला, "खो" मोठ्याने दिला गेला. पळणारी मुलगी स्नेहाच्या समोरून, हातभर अंतरावरून निघून गेली. अकरा सेकंदांनी पंचांनी शिटी वाजवली.

"पाय दुखतोय?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"नाही."

स्नेहा सोळा वर्षांची. वडील अनिरुद्ध या तेलुगू शहरात, तारनाक्याला रेल्वेच्या कार्यालयात लिपिक. मूळचे नांदेडकडचे, कॉलेजात असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेले. चार वर्षं प्रत्येक सामन्याला ते खांबामागे उभे राहून मराठीत ओरडत आले होते. ऊठ. डावीकडं. दे खो. समोरच्या तेलुगू मुलींना त्यातलं काही कळत नसे, आणि घरात या युक्तीचं कौतुक होतं. आई ज्योती म्हणायची, "पळते पोरगी, अन् दम लागतो बापाला."

त्या सोमवारी पालकांना पहिल्यांदाच फाटकाबाहेर थांबवलं होतं.

प्रशिक्षक अपर्णा मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "खो सुनी नै क्या?"

"सुनी मॅडम."

"फिर?"

"पप्पा बोले नै."

मॅडम तिच्याशेजारी मातीत बसल्या. "खेलने में मजा आता तेरेकू?"

स्नेहाने विचार केला. "मालूम नै."

यादी पंधरा जणींची होती. चौदा नावं लिहून झाली. पंधराव्या जागेसाठी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता स्नेहाची पुन्हा चाचणी ठरली. तोवर तिने मैदानावरच्या दहा वर्षांच्या मुलींबरोबर खेळायचं, गुण कोणी मोजायचे नाहीत, वडिलांनी यायचं नाही.

रात्री जेवताना अनिरुद्ध म्हणाले, "म्हणजे चूक माझीच का?"

"मी काही म्हणत नाही, पप्पा."

"मग चार वर्षं घसा कुणासाठी फोडला मी?"

"तिला खेळायचंय का, ते विचारा की एकदा," ज्योती म्हणाली.

त्यांनी विचारलं. स्नेहाने ताट उचललं. "सांगते."

मंगळवारी ती खो मिळाल्यावर उशिरा उठत होती. बुधवारी वेळेवर उठली, एकदा तोंडावर आपटली. "अक्का, सो गए क्या?" एक चिमुरडी ओरडली. त्यावर स्नेहा हसली, असं मॅडम सांगतात. हसली की नुसती धापा टाकत होती, हे त्यांना नक्की सांगता येत नाही. गुरुवारी ती गेली नाही.

शुक्रवारी चार वाजून तेहतीस मिनिटांनी अनिरुद्ध यांच्या टेबलावरचा मोबाइल वाजला. घरून ज्योती होती.

"बूट घालून दारात बसलीय. जात नाही, आत येत नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

फोन स्नेहाने घेतला.

"पप्पा, जाऊ का?"

‘जा’ हा शब्द अनिरुद्ध यांच्या ओठांवर आला, तो त्यांनी गिळला. शेजारच्या टेबलावरच्या मुकुंदरावांनी खुणेनेच विचारलं, काय झालं. त्यांनी ‘काही नाही’ अशी मान हलवली.

"पप्पा, ऐकू येतंय का? तुम्ही सांगा, मी जाते."

"ऐकतोय बेटा."

घरापासून मैदान चालत बारा मिनिटांवर आहे. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी फोन अजून चालू होता आणि दोन्हीकडून कोणी बोलत नव्हतं.